संशयितांची यादी

चालता चालता बंद पडलेले यंत्र आणि मुळात सुरूच न झालेले यंत्र, या दोन अवस्था वरवर सारख्या दिसतात. पडदा दोन्हींत काळाच असतो. पण दुरुस्त करणाऱ्याच्या दृष्टीने त्यांत मोठे अंतर आहे. बंद पडलेल्या यंत्राला पूर्वेतिहास असतो. काल ते चालत होते, आज चालत नाही. तेव्हा कालपासून आजपर्यंत काय बदलले, एवढा एकच प्रश्न विचारायचा. वीज कमीजास्त झाली का, उंदराने वायर कुरतडली का, कोणी आत काही नवे बसवले का. उत्तर त्या एका रात्रीच्या आवाक्यात कुठेतरी असते. सुटे भाग आणून नव्याने जोडलेल्या संगणकाला असा ‘काल’ नसतो. त्याचे सगळे भाग त्या दिवशी पहिल्यांदाच एकमेकांना भेटलेले असतात. त्यामुळे दोष कुठेही असू शकतो. आणि दोष कुठेही असू शकतो असे म्हटले की माणूस तो आपल्या सवयीच्या ठिकाणी शोधू लागतो. या लेखाचा विषय संगणक असला, तरी खरी चर्चा त्या सवयीची आहे.

२००८ सालच्या नोव्हेंबरात मी चोपड्याला आत्याकडे गेलो होतो. चोपडा हे जळगाव जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. दक्षिणेला तापी, उत्तरेला सातपुडा, आणि मधल्या काळ्या मातीत केळी आणि कापूस. गावाला रेल्वे नाही. जळगाव पन्नासेक किलोमीटर, आणि मोठ्या बाजाराचे काम निघाले की एसटीने जळगावच गाठायचे, ही रीत. आतेभावाचे तिथे छोटे दुकान होते: झेरॉक्स, लॅमिनेशन, आणि मुख्य म्हणजे लग्नपत्रिकांची अक्षरजुळणी. तुळशीचे लग्न लागले की खानदेशात पत्रिकांचा हंगाम सुरू होतो, आणि एका संगणकावर तो निभत नाही. म्हणून त्याने जळगावहून सुटे भाग आणून दुसरा संगणक जोडायचे ठरवले. तयार कंपनीच्या संगणकापेक्षा असा ‘असेम्बल्ड’ संगणक काही हजारांनी स्वस्त पडे. ते काही हजार त्याच्यासाठी लहान नव्हते. दिवाळीआधी कापूस विकून आलेल्या पैशांतून काकांनी ते काढून दिले होते.

जोडणी केली ती दुकानात कामाला असलेल्या मुलाने. हा मुलगा सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या पाड्यावरचा, पावरा समाजातला. आयटीआय झालेला, हाताने नेटका, बोलायला कमी. घरी पावरी, दुकानात अहिराणी, गिऱ्हाइकांशी मराठी आणि मदरबोर्डाच्या पुस्तिकेपुरते इंग्रजी, अशा चार भाषांत त्याचा दिवस जाई. त्याने पुस्तिका समोर उघडी ठेवून, एकेक पान उलटत, एका दुपारी सगळे भाग बसवले. संध्याकाळी वीज आल्यावर बटण दाबले. पंखे फिरले, हिरवा दिवा लागला, आणि पडदा काळा राहिला.

मी पोचलो तेव्हा या गोष्टीला चार दिवस झाले होते.

‘सुरू न होणे’ हा शब्दप्रयोग आपण फार ढोबळपणे वापरतो. प्रत्यक्षात संगणक सुरू होणे ही एक घटना नसून घटनांची साखळी आहे. इंग्रजीत त्याला ‘बूट होणे’ म्हणतात, आणि त्या शब्दामागे एक विनोद आहे. बुटाच्या मागच्या बाजूला तो ओढून चढवण्यासाठी चामड्याचा बंद असतो. तोच बंद धरून माणसाने स्वतःला जमिनीवरून वर उचलावे, तशी ही करामत. संगणकाला कोणतेही काम करायला आज्ञावली लागते. पण ती आज्ञावली स्मृतीत आणून ठेवणे हेही एक कामच असल्याने त्यासाठी आधी दुसरी आज्ञावली हवी. ही ‘आधी कोंबडी की अंडे’ची अडचण सोडवण्यासाठी मदरबोर्डावरच्या एका लहानशा चिपमध्ये काही आज्ञा कायमच्या लिहून ठेवलेल्या असतात. वीज मिळताच प्रोसेसर एका ठरलेल्या पत्त्यावर जातो (आपल्या नेहमीच्या संगणकांत हा पत्ता चार गिगाबाइटच्या सीमेच्या बरोबर सोळा बाइट अलीकडे असतो) आणि तिथे लिहिलेली पहिली आज्ञा पाळतो. या कायमच्या आज्ञावलीला ‘बायोस’ म्हणतात. हे नाव १९७०च्या दशकात गॅरी किल्डॉल याने आपल्या सीपी/एम या प्रणालीसाठी वापरले आणि पुढे ते सगळ्यांनीच उचलले.

बायोसचे पहिले काम आत्मपरीक्षण. स्मृती आहे का, चित्र दाखवणारे मंडल आहे का, कळफलक आहे का, हे ती पाहते. सारे ठीक असेल तर एक छोटी ‘बीप’ ऐकू येते. १९८१ साली आयबीएमने आपला पहिला वैयक्तिक संगणक आणला तेव्हापासूनची ही खूण आहे. काही बिघडले असेल तर बीपांची संख्या आणि लांबी बदलते. पडद्यावर काही दाखवण्याइतकी तयारी झालेली नसताना यंत्राला बोलण्याचे हे एकच साधन असते. ज्यांनी स्वतः संगणक जोडले आहेत त्यांना ठाऊक असेल की, त्या क्षणी बेसूर बीपांची मालिकासुद्धा किती दिलासा देते. तक्रार करणारे यंत्र निदान जिवंत असते.

आतेभावाचा संगणक तक्रारही करत नव्हता. पंखे फिरत, आणि पुढे शांतता.

अशा वेळी करायच्या गोष्टींचा एक क्रम आहे, आणि तो मुलाने बराचसा आधीच पार पाडला होता. मी आल्यावर आम्ही दोघांनी तो पुन्हा एकदा, कागदावर नोंद करत केला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा त्यातला मुख्य नियम. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि यंत्र चालले, तर ते कशामुळे चालले हे कळत नाही. आणि नाही चालले, तर काहीच कळत नाही.

पहिल्यांदा वीज. हा आपल्याकडे सगळ्यांत सोपा संशयित, कारण त्या वर्षी भारनियमन ऐन भरात होते. दिवसाचे कित्येक तास गाव अंधारात असे आणि वीज यायची तेव्हाही दिवे मध्येच मंदावत. एसएमपीएसची मोठी चोवीस टोकांची जोडणी आणि प्रोसेसरजवळची चार टोकांची वेगळी जोडणी, दोन्ही नीट बसलेल्या होत्या. ही चार टोकांची जोडणी विसरणे ही नव्या जोडणाऱ्यांची नेहमीची चूक. इथे तीही झालेली नव्हती. हिरवी तार काळीला जोडून एसएमपीएस एकटाच चालवला आणि मीटर लावला: पिवळ्या तारेवर बारा व्होल्टच्या आसपास, लालवर पाच, नारिंगीवर तीन पूर्णांक तीन. रिकाम्या चालणाऱ्या एसएमपीएसवर पूर्ण विश्वास ठेवता येत नाही, म्हणून ओळखीच्या फोटो स्टुडिओतून रात्रीपुरता दुसरा आणला. फरक पडला नाही. वीज यादीतून गेली.

दुसरा संशयित पेटी, म्हणजे कॅबिनेट. मदरबोर्ड पितळी खुंट्यांवर टेकलेला असतो. एखादी खुंटी चुकीच्या जागी राहिली तर ती बोर्डाच्या पाठीला टेकून विजेला आडवाट देते. मुलाने बोर्ड बाहेर काढला आणि तो ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून आला होता त्याच खोक्यावर ठेवून चालवला. तीच शांतता. मग घड्याळाचा सेल काढून पुन्हा बसवला, म्हणजे साठवलेल्या नोंदी पुसल्या. काही नाही.

तिसरी पायरी खरी बोलकी ठरली. स्मृतीची पट्टी, म्हणजे रॅम, पूर्णपणे काढून टाकली आणि बटण दाबले. रॅमशिवाय संगणक चालत नाही हे उघड आहे. पण धडधाकट बोर्ड अशा वेळी ओरडतो. हा ओरडला नाही. याचा अर्थ, रॅम चांगली की वाईट हा प्रश्न विचारण्यापर्यंत यंत्र पोचतच नव्हते. बायोसची पहिली काही पावलेच पडत नव्हती. वीज आधीच वगळली होती. म्हणजे उरले दोघे, मदरबोर्ड आणि प्रोसेसर.

इथे जळगावच्या विक्रेत्याशी फोनवर बोलणे झाले. त्याचे म्हणणे स्पष्ट होते. बोर्ड देताना त्याने तो दुकानात चालवून पाहिला होता. प्रोसेसर तर सीलबंद डब्यातला. प्रोसेसर मुळात खराब निघणे ही गोष्ट विरळा, हा त्या धंद्यातल्या सगळ्यांचाच अनुभव. तेव्हा, तो म्हणाला, माल चांगला होता, जोडणाऱ्याने जाळला. हिवाळ्यातली कोरडी हवा, अंगात टेरिलिनचा सदरा, हाताला धातूचा पट्टा नाही. अंगावरच्या स्थिर विद्युतेचा एक चटका चिपला पुरतो.

हा आरोप चतुर होता, कारण तो खोटा ठरवण्याची सोय नव्हती. स्थिर विद्युतेने चिप मेली तर बहुधा वर डागही उमटत नाही. आणि आरोप एकदा हवेत आला की त्याला फांद्या फुटतात. शेजारच्या दुकानदाराने आतेभावाला बाजूला घेऊन सुचवले, की नवा प्रोसेसर काढून जुना बसवला नसेल कशावरून. ‘तिकडच्या’ पोरांचे काय सांगावे. ‘तिकडच्या’ हा शब्द त्याने हाताने सातपुड्याकडे दाखवत उच्चारला. आतेभाऊ दुष्ट नव्हे. पण हंगाम तोंडावर, पैसे काकांचे, आणि चार दिवसांची चिडचीड. त्याने मुलाला नव्या संगणकाला हात लावायला मना केले होते आणि महिन्याचा पगार अडकवून ठेवला होता. मुलाने पहिल्या दिवशी एवढेच म्हटले होते, “मी कायबी करेल नही, आप्पा.” त्यानंतर त्याने बाजू मांडली नव्हती.

मला इथे क्षणभर तापी ओलांडून अमळनेरला जायचे आहे. श्रीमंत प्रताप शेठ यांनी १९१६ साली तिथे तत्त्वज्ञान मंदिर स्थापन केले, आणि खानदेशातल्या त्या गिरणीच्या गावात भारतीय दर्शनांचा अभ्यास सुरू झाला. त्या दर्शनांपैकी न्यायदर्शन सोळा पदार्थांची यादी देते, आणि तिच्यात प्रमाण व प्रमेय यांच्या पाठोपाठ, तिसऱ्याच स्थानी, ‘संशय’ येतो. संशय हा तिथे दुर्गुण मानलेला नाही. ज्ञानाच्या मार्गावरची ती आवश्यक पायरी आहे, कारण जिथे संशय नाही तिथे विचाराला प्रयोजनच नाही. पुढे अनुमानाचे प्रकार सांगताना वात्स्यायन भाष्यात ‘शेषवत्’ अनुमानाचा एक अर्थ ‘परिशेष’ असा देतो: ज्या ज्या शक्यता संभवतात त्या एकेक करून नाकारायच्या, आणि शेवटी जी उरते ती स्वीकारायची. आम्ही पुठ्ठ्याच्या खोक्यावर जे करत होतो ते हेच होते. जगभरचे दुरुस्ती करणारे, मग ते रेडिओचे असोत की पाण्याच्या मोटारीचे, हेच करत आले आहेत.

पण परिशेषाची एक अट आहे आणि ती सहज नजरेआड होते. उरलेली शक्यता खरी ठरते ती यादी पूर्ण असेल तरच. खरा दोषी यादीत नसेल, तर वगळण्याची सारी प्रक्रिया काटेकोर करूनही शेवटी हाती लागतो तो निर्दोष. आणि प्रक्रिया काटेकोर होती म्हणून त्याच्या विरुद्धचा निर्णय अधिकच भक्कम वाटतो. चोपड्याच्या त्या दुकानात यादी अशी होती: वीज, पेटी, रॅम, बोर्ड, प्रोसेसर, आणि जोडणारा हात. पहिले तीन तपासून वगळलेले. पुढचे दोन विक्रेत्याच्या शब्दावर वगळलेले. उरला हात. तर्काची रचना पाहिली तर तिच्यात फट दिसत नव्हती. यादी मात्र वस्तूंची आणि माणसांची होती. वस्तूंच्या मधल्या जागेला तिच्यात रकाना नव्हता.

बदलाबदलीचा आरोप तरी तपासण्यासारखा होता. प्रोसेसरच्या धातूच्या टोपीवर त्याचे नाव आणि गटाचा क्रमांक कोरलेला असतो, आणि तोच क्रमांक डब्यावरच्या चिठ्ठीवरही असतो. आतेभावाला समोर बसवून आम्ही पंखा काढला, लेप पुसला, आणि दोन्ही क्रमांक मोठ्याने वाचले. अक्षर न् अक्षर जुळले. सॉकेटमधल्या सातशे पंच्याहत्तर बारीक टोकांवरून भिंग फिरवले. एकही वाकलेले नव्हते. हे काम चांगल्या हाताने झालेले आहे एवढे त्यातून दिसत होते.

क्रमांक लिहून घेतलेला कागद घेऊन आम्ही दोघे बसस्थानकाजवळच्या सायबर कॅफेत गेलो. मदरबोर्ड बनवणारे त्या बोर्डावर कोणकोणते प्रोसेसर चालतात याची सारणी प्रसिद्ध करतात. आमच्या प्रोसेसरचे नाव सारणीत होते. मी त्यावर समाधान मानून पुढची ओळ वाचू लागलो, तोच मुलाने पडद्यावर उजवीकडच्या शेवटच्या रकान्यावर बोट ठेवले. प्रत्येक प्रोसेसरपुढे तिथे एक आकडा होता. मग त्याने खिशातून आपली चिठ्ठी काढली. बोर्डावरच्या बायोसच्या चिपवर नखाएवढा कागद चिकटवलेला असतो. त्याच्यावरचा आकडा त्याने जोडणीच्या दिवशीच, काही कारण नसताना, उतरवून ठेवला होता.

“दादा, यादीमा सात शे,” तो म्हणाला, “आठे चार शे.”

सारे प्रकरण या एका वाक्यात होते. त्या प्रकारच्या सॉकेटात बसणारे प्रोसेसर २००४ पासून बाजारात येत होते आणि त्यांच्या पिढ्या बदलत होत्या. आमचा प्रोसेसर त्याच वर्षी आलेला, पंचेचाळीस नॅनोमीटरच्या नव्या पद्धतीने घडवलेला. बोर्ड मात्र त्याच्या आधी कारखान्यातून निघालेला. आकार जुळत होता, टोके जुळत होती, व्होल्टही देता येण्यासारखे होते. पण बोर्डाच्या चिपमधली आज्ञावली लिहिली गेली तेव्हा हा प्रोसेसर जन्माला आलेला नव्हता, त्यामुळे त्याला कसे जागे करायचे हे तिला माहीत नव्हते. बायोसच्या सातव्या आवृत्तीपासून ती ओळख घातली होती. आमच्याकडे चौथी होती.

म्हणजे बोर्ड चांगला होता. प्रोसेसर चांगला होता. विक्रेत्याने बोर्ड चालवून पाहिला होता हेही खरे असणार. त्याने तो त्याच्याकडच्या जुन्या प्रोसेसरवर चालवला असणार. आणि जोडणाऱ्याचा हात निर्दोष होता. प्रत्येक जण आपापल्या जागी बरोबर असून संगणक बंद होता, कारण दोष कुठल्याच भागात नव्हता. तो दोन भागांच्या नात्यात होता. सुट्या सुट्या वस्तू कितीही तपासल्या तरी हा दोष सापडत नाही, कारण वस्तू सुट्या केल्या की तो नाहीसा होतो.

कारण कळले म्हणजे उपाय झाला असे नव्हे. बायोसची नवी आवृत्ती सुमारे एक मेगाबाइटची. ती पेन ड्राइव्हवर उतरवून घेतली. पण ती बोर्डात घालायची तर बोर्ड सुरू झाला पाहिजे, आणि तो सुरू होण्यासाठीच तर ती हवी होती. पुन्हा तीच बुटाच्या बंदाची गोष्ट. वाट एकच: बोर्ड ओळखतो असा जुना प्रोसेसर काही मिनिटांसाठी उसना आणायचा. तसा प्रोसेसर गावात आम्हांला ठाऊक असलेल्या एकाच ठिकाणी होता: आतेभावाच्या जुन्या, चालत्या, हंगामाचा सगळा भार वाहणाऱ्या संगणकात.

ही मागणी किती मोठी होती हे सांगायला हवे. त्या संगणकात वीसेक घरांच्या पत्रिका अर्धवट होत्या. तो उघडायचा, त्याच्या प्रोसेसरवरचा पंखा चार कोपऱ्यांतल्या हट्टी प्लास्टिकच्या खुंट्या फिरवून उपसायचा, वाळलेला लेप खरवडायचा, प्रोसेसर काढून दुसऱ्या बोर्डात घालायचा आणि मग परत आणायचा. यात काही तुटले तर दुकानात एकही संगणक उरणार नव्हता. त्यावर विजेचा धोका. नवी आज्ञावली लिहिताना चिपमधली जुनी आधी पुसली जाते. त्या मिनिटा-दोन मिनिटांत वीज गेली, तर बोर्ड ना जुना राहतो ना नवा होतो. भारनियमनाच्या गावात ही दोन मिनिटे फार लांब असतात.

आतेभावाने बराच वेळ काही उत्तर दिले नाही. मी त्याला आग्रह केला नाही. पैसे त्याचे होते आणि हंगामही. शेवटी तो मुलाकडे वळला आणि म्हणाला, “तूच काढ रे तो.”

लागणारा लेप चोपड्याच्या संगणकाच्या दुकानांत मिळाला नाही. तो अॅम्प्लिफायर दुरुस्त करणाऱ्याकडे मिळाला. मोठ्या ट्रान्झिस्टरांना लावायचा पांढरा लेप, तोच. वर्तमानपत्रातले वेळापत्रक पाहून, रात्री वीज आल्यावर लगेचची वेळ धरली. शिवाय यूपीएस भरून ठेवला. मुलाने जुना प्रोसेसर नव्या बोर्डात बसवला आणि बटण दाबले. एक छोटी बीप वाजली आणि पडद्यावर पांढरी अक्षरे उमटली. मग लेखन सुरू झाले. पट्टी सरकत गेली, आणि त्या वेळात कोणी पंख्याच्या बटणालाही हात लावला नाही. ते पूर्ण झाल्यावर प्रोसेसर आपापल्या घरी परतले. दोन्ही संगणक सुरू झाले. मध्यरात्र उलटली होती आणि वीज अजून होती.

एवढ्यावर गोष्ट गोड करून संपवता येईल, पण ते खरे होणार नाही. आतेभावाने दुसऱ्या दिवशी पगार दिला, वर शंभराची नोट ठेवली. मुलाने पगार घेतला आणि नोट गल्ल्यात परत टाकली. त्याने हंगाम पुरा केला. उन्हाळ्यात, शेवटची लगीनतिथ उलटल्यावर, काम सोडले आणि सुरतेला गेला. खानदेशातून सुरतेला जाणारे पुष्कळ असतात आणि त्यांची कारणेही पुष्कळ असतात. त्या चार दिवसांचा त्याच्याशी संबंध जोडायला माझ्यापाशी पुरावा नाही, आणि या लेखाचा विषय लक्षात घेता मी तो जोडूही नये. इतके मात्र म्हणतो: यंत्रातला दोष निघाला की तो उरत नाही. त्याच बोर्डावर पुढे कित्येक वर्षे पत्रिका जुळत राहिल्या. माणसावर घेतलेल्या संशयाला मात्र नवी आवृत्ती चढवून जुनी पुसून टाकण्याची सोय नाही.

याच घोळाची मोठी आवृत्ती पुढे जगाने पाहिली. २०१८च्या आरंभी एएमडीचे नवे प्रोसेसर आले. ते आधीच्याच सॉकेटात बसत होते. पण दुकानांतल्या अनेक बोर्डांत जुनी बायोस होती, आणि नवा संगणक जोडणाऱ्यांपुढे काळा पडदा उभा राहिला. तेव्हा त्या कंपनीने एक योजना काढली: अडलेल्या ग्राहकाला एक जुना प्रोसेसर उसना पाठवायचा, त्याने बायोस बदलायची आणि तो परत करायचा. चोपड्यातल्या एका रात्रीचा तोडगा म्हणजे जगाच्या बाजारातलाही तोडगा होता, हे वाचून मला मौज वाटली. आता पुष्कळ बोर्डांवर एक वेगळे बटण असते. प्रोसेसर न बसवताच, नुसती वीज आणि पेन ड्राइव्ह देऊन नवी बायोस आत लिहिता येते. कोणाकडे काही उसने मागावे लागत नाही. सोय मोठी आहे, आणि तिच्याविषयी कुरकुर करण्याचे कारण नाही.

तरी त्या बटणाने एक प्रश्न सुटत नाही. बटण आहे हे ज्याला ठाऊक आहे त्यालाच ते उपयोगी. म्हणजे ‘दोन चांगल्या वस्तूंची एकमेकींशी ओळख नसू शकते’ ही शक्यता ज्याच्या यादीत आधीपासून आहे, त्याला. यादी करणे हे काम यंत्र आपल्यासाठी करत नाही. आणि यादी करताना आपण काय आधी लिहितो, काय नंतर, आणि कोणाचे नाव न तपासता शेवटपर्यंत राहू देतो, यात आपल्या गावाचा, आपल्या घराचा आणि आपल्या हाताने दाखवलेल्या दिशांचा इतिहास उतरलेला असतो. कोणी सातपुड्याकडे हात करून ‘तिकडचा’ म्हणाला की ती नोंद तर्काने झालेली नसते, पण पुढच्या सगळ्या तर्कात ती बसून राहते.

म्हणून अलीकडे माझ्याकडे कोणी सुरू न होणारा संगणक घेऊन आले की मी कागदावर नेहमीची यादी लिहितो, आणि तिच्याखाली एक ओळ मोकळी सोडतो. तिथे काय येणार हे मला त्या वेळी माहीत नसते. वर लिहिलेले सगळे खोडून झाले, आणि खोडायला फक्त एखादा माणूस उरला, की त्या मोकळ्या ओळीकडे आधी पाहायचे.